आल्यावर खाईन

हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्या बाजारात दिसायला लागल्या, की मला कळतं, ती थंडी परत आली. कॅलेंडर पाहावं लागत नाही. बडनेऱ्यात आमच्या गल्लीत पहाटे कोणीतरी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटवून आंघोळीचं पाणी ठेवतं, आणि तो धूर वर चढायचं नाव घेत नाही, जमिनीलगत बसून राहतो. त्या धुरातून बुटांचा आवाज येतो. भरतीची पोरं-पोरी ग्राउंडवर निघालेली असतात. कोणी हातावर फुंकर मारतंय, कोणी मित्राच्या फाटकाशी उभं राहून हाका मारतंय. मी पांघरुणात पडून ऐकते आणि मनात म्हणते, झालं, सुरू झालं यांचं. मग माझंही सुरू होतं.

थंडी म्हटली की आमच्या वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. हुरडा, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, तुरीच्या ओल्या शेंगा, संत्री, काय अन् काय. मला मात्र अंडी आठवतात. हसू नका. गरम राखेत पुरलेल्या गाडग्यातली अंडी, आणि तीही अशा घरातली, जिथं स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

सध्या माझी सकाळ एका छोट्या ओव्हनच्या ताब्यात आहे. मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, रोज बडनेऱ्याहून गाडीनं जाते. माझी पोरगी मयूरी पोलीस भरतीची तयारी करते. तिचे बाबा नोकरीसाठी गडचिरोलीकडे असतात, महिन्यातून एकदा उगवतात. माझे वडील गेल्यावर मी मायकडेच राहायला आले, तेव्हा घरात आम्ही तिघी: माय, मी आणि मयूरी. गेल्या वर्षी ग्राउंडवरच्या सरांनी पोरींना बजावलं, पोहे-चहावर धावता येत नाही, प्रोटीन वाढवा. मयूरी घरी येऊन मलाच प्रोटीन म्हणजे काय ते शिकवायला लागली. मी म्हटलं, बाई, मी फळ्यावर हेच लिहून लिहून म्हातारी झाले. पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि घाईच्या सकाळी ते पोरीच्या पोटात घालणं वेगळं, हे तेव्हा कळलं.

तर त्यावर मी काढलेली युक्ती अशी. संध्याकाळीच सगळं चिरून ठेवायचं. पालक, कांदा, टमाटर, सांभार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. मोड आलेली मटकी वाफवून ठेवायची, पनीर कुस्करून ठेवायचं. सकाळी अंडी फेटायची, त्यात हा सगळा पसारा ढकलायचा, मीठ, मिरपूड, चिमूटभर आपलं लाल तिखट. आतून तेल पुसलेल्या स्टीलच्या वाट्यांत ओतायचं, वाट्या ओव्हनमध्ये सरकवायच्या, चावी फिरवायची आणि आंघोळीला पळायचं. केस विंचरून येईस्तोवर वाट्या फुगून काठाच्या वर आलेल्या असतात आणि ओव्हनची घंटी वाजते. गॅसपाशी उभं राहायची भानगड नाही. अर्धी वाटी मयूरी निघण्याआधी खाते, बाकीचं धावून आल्यावर भाकरीबरोबर. एक वाटी माझ्या डब्यात. बाजारातून कपकेकचा साचा आणून पाहिला होता, पण तो घासायला जीव जातो. आपली वाटीच बरी.

आता यातली गंमत ही, की हा ओव्हन आमच्या स्वयंपाकघरात नाही. तो मागच्या छपरीत आहे, एका जुन्या टेबलावर, खिडकीतून बाहेर काढलेल्या वायरवर. शेजारी अंड्याच्या वाट्या, त्यांची वेगळी घासणी, वेगळा चमचा. पाहुणे विचारतात, बाप्पा, इतकी महागाची वस्तू अशी बाहेर काहून ठेवली? मी सांगते, घरात मायची हद्द आहे.

मायचं माहेर रिद्धपूरजवळचं, महानुभाव पंथाचं. लग्नाआधीच तिनं पंथाचा उपदेश घेतला होता, नेमधर्म पाळायचा शब्द दिला होता. मांस-अंड्याला ती शिवत नाही, आजतागायत शिवली नाही. आणि तिला नवरा मिळाला रेल्वेत पॉइंट्समन, अंड्याशिवाय सकाळ न होणारा. माझ्या बाबांनी त्यावर कधी वाद घातला नाही. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात आपल्या हातानं एक चूल घातली आणि सांगून टाकलं, आतली तुझी, बाहेरची माझी. थंडीत त्या बाहेरच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढायचा. पाणी तापलं, की बाबा गोवऱ्यांचे निखारे एकीकडे सारायचे आणि रोडगे जसे राखेत पुरतात तसं एक मातीचं गाडगं पुरायचे. गाडग्याला आतून तेल लावलेलं, तळाशी भिजवून ठेचलेले हरभरे, त्यावर कांदा, हिरवी मिरची, सांभार, आणि वर फोडलेली अंडी. झाकणी ठेवायची, झाकणीवर राख, राखेवर दोन निखारे. मग बिडी ओढत बसायचं. झालं. माझा ओव्हन करतो तेच, फक्त बाबांना वायर लागत नव्हती.

माय त्या वेळात पदर नाकाला लावून आत जायची आणि देवाच्या स्मरणाला बसायची. ही आमच्या घरची रीत होती, तिच्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. उलट चेष्टाच चालायची. बाबा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, “आज काय वास सुटला रे विनू!” आणि आतून माय म्हणायची, “मले नाई येत कोणता वास.” आम्ही दोघं भावंडं हसायचो.

विनू म्हणजे माझा भाऊ, विनूदादा. माझ्याहून मोठा, काटकुळा, उंच, बोलायला एक नंबरचा आगाऊ. मी अकोल्याला कॉलेजात जायचे, पास काढून, रोजची सकाळची गाडी. त्यानं मला नाव ठेवलं होतं, पासवाल्या बाई. तो पोलीस भरतीच्या मागे लागला होता. तेव्हा प्रोटीन हा शब्द आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हता. अंडी खाल्ली की दम टिकतो, एवढं ठाऊक होतं. ती एक थंडी मला लख्ख आठवते, कारण त्या थंडीत आमचं घर फार खुशीत होतं. बाबा रात्रपाळी करून पहाटे यायचे, हात शेकायचे आणि दादासाठी गाडगं लावायचे. दादा खाऊन पायरीवर दोनदा बूट आपटायचा, धप धप, आणि धुक्यात निघून जायचा. तो जाईल तिकडे तो आवाज थोडा वेळ ऐकू यायचा. माय आतून म्हणायची, “विनू, फाटक लाव.” त्यानं ते कधी लावलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी बाबांचा बदलीचा माणूस आला नाही, म्हणून ते ड्यूटीवरच अडकले. मी गाडीसाठी निघाले तेव्हा दादा चुलीपुढे उकिडवा बसून स्वतःच कांदा चिरत होता, डोळे पुसत होता. मला पाहून म्हणाला, “पळा पासवाल्या बाई, गाडी गेली तुमची.” मी म्हटलं, “रडू नको, येईन संध्याकाळी.” एवढंच.

पुढचं मला मायनं सांगितलं, एकदाच. त्यानं गाडगं राखेत पुरलं, तयार झाला, पायात बूट चढवायला बसला. फाटकावर त्याचा मित्र हाका मारायला लागला. नाड्या बांधता बांधता दादा ओरडला, “माय, तेवढं गाडगं काढतं का वं?” माय स्मरणाला बसली होती. ती आतून म्हणाली, “मले काहून सांगतं? तुले माईत नाई का?” रोज म्हणायची तशीच म्हणाली, हसत. तोही हसला. म्हणाला, “राहू दे. आल्यावर खाईन.” बूट आपटले आणि गेला.

ग्राउंडच्या कडेला एक कडुलिंब आहे, पोरं त्याच्याखाली पिशव्या आणि चपला ठेवतात. दादा दुसऱ्या फेरीत त्या लिंबापाशी कोसळला. उचलून नेईस्तोवर संपलं होतं. डॉक्टरांनी बाबांना नीट समजावलं, हृदयात जन्मापासूनच दोष होता, कोणाला कळायचं कारण नव्हतं, खाण्या-न खाण्याशी याचा काही संबंध नाही. बाबांनी ते मायला सांगितलं. मीही पुढे किती वेळा सांगितलं असेल. विज्ञान शिकवते ना मी. माय दर वेळी मान हलवायची, हो म्हणायची. तिला ते कधीच पटलं नाही. तिच्या लेखी पोरगा उपाशी गेला आणि ती आत बसून होती.

मी अकोल्याला उतरले तेव्हा बाबांच्या ओळखीचे एक तिकीट तपासनीस फलाटावर माझी वाट पाहत उभे होते. रेल्वेत बातमी गाडीच्या आधी पोहोचते. ते म्हणाले, “परतीच्या गाडीत बस पोरी, मी आहे सोबत.” घरी आले तर अंगणभर माणसं, आणि त्या माणसांच्या पायांतून करपलेल्या अंड्याचा वास येत होता. गाडगं राखेतच होतं. कोणाच्या लक्षात नव्हतं, आणि ज्यांच्या लक्षात आलं त्या बायका मायच्याच पंथातल्या, त्या कशा हात लावणार? सगळ्यांना वाटलं, घरचं कोणी काढेल. घरचं कोणी त्या कोपऱ्याकडे पाहूच शकत नव्हतं. राख थंड झाली, तिच्यावर दव पडलं, गाडगं तिथंच. शेवटी किती तरी दिवसांनी बाबांनी ते उपसून काढलं, चूल फोडून जमीन सारखी केली आणि अंडं खाणं सोडलं. मरेपर्यंत खाल्लं नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य बंद झालं. तसं कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला दटावलं नाही. पण घरातून बाहेर पडताना “आल्यावर खाईन” असं आम्ही कोणी म्हणत नाही. भूक नसली तरी घासभर खाऊन निघतो, नाही तर डबा घेतो. माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा इथं आला तेव्हा सहज तसं म्हणाला, आणि बाबा ताटावरून उठून बाहेर गेले. बिचारा घाबरला. मी त्याला रस्त्यात सगळं सांगितलं. तेव्हापासून तो या घरातून निघताना खिशात निदान गुळाचा खडा टाकतो.

आणखी एक. ग्राउंडचा रस्ता बाजाराला जवळचा आहे, पण माय त्या रस्त्यानं जात नाही. गुडघे दुखत असले तरी लांबचा फेरा घेऊन जाते. इतक्या वर्षांत ती ग्राउंडकडे फिरकली नाही. आम्हीही कधी चल म्हटलं नाही.

म्हणून मयूरीनं भरतीचं नाव काढलं तेव्हा मी तिला आधी दवाखान्यात नेलं, हृदयाच्या सगळ्या तपासण्या करवून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखी आहे, पळू द्या. तरी माझा जीव काही थाऱ्यावर येईना. अंडी पुन्हा घरात आणायची म्हणजे मायला विचारणं आलं. मी दोन दिवस शब्द जुळवत होते. तिनं मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, “पोट्टीले धावाचं हाये त खायाले लागन. मांगं ठेवा तुमचं ते.” मागं म्हणजे छपरीत. बाबांची चूल होती त्याच भिंतीच्या मागच्या टोकाला.

पहिल्या दिवशी वाट्या फुगल्या, घंटी वाजली, मी ओव्हनचं दार उघडलं. माय आतल्या उंबऱ्यावर उभी होती. पदर नाकाला लावलेला नव्हता. ती म्हणाली, “हा वास तो नाई.” आणि आत गेली. मी हातात गरम वाटी धरून तशीच उभी. म्हणजे बाई, तू सगळ्या जन्मात जो वास येत नाही म्हणत होतीस, तो तुला इतका पक्का ठाऊक होता! मला रडू आलं, आणि मयूरी विचारत होती, आई, मीठ जास्त झालं का?

तो वास मलाही ठाऊक आहे. थंडीत कधी कधी पहाटे जाग येते ती त्यानंच येते. राख, माती, मिरची आणि कडेला थोडं लागलेलं अंडं. अंगणात कोणी नसतं. गल्लीत कुणाचं पाणी तापत असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घालते. मग पायरीवर बूट आपटल्याचा आवाज येतो, धप धप, आणि मी उठून बसते. ती मयूरी असते. तिनं मामाला कधी पाहिलं नाही. कोणी तिला शिकवलं नाही. पण ती दोनदाच बूट आपटते, आणि फाटक लावत नाही. एकदा माय झोपेत असताना हे झालं. ती झोपेतच म्हणाली, “विनू, फाटक लाव.” मी उठून गेले आणि लावून आले.

या वर्षी संक्रांतीनंतर शाळेत तोंडी परीक्षा होत्या, म्हणून मला नेहमीच्या आधीची गाडी पकडायची होती. मयूरीच्या सरांनीही त्याच दिवशी वेळ लावून धावण्याची चाचणी ठेवली होती. आमच्या घरी त्या पहाटे जो गोंधळ उडाला तो विचारू नका. माझी साडीची पिन सापडेना, तिचा एक मोजा सापडेना. मी वाट्या ओव्हनमध्ये सरकवल्या, चावी फिरवली, मयूरीला ओरडून सांगितलं, घंटी वाजली की काढ आणि खाऊनच जा, आणि रिक्षा गाठली.

गाडी बडनेऱ्याहून सुटली. बाहेर धुकं होतं. वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या, मधेच हरभऱ्याचा हिरवा पट्टा यायचा आणि जायचा. शेजारची रोजची बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात मयूरीचा फोन. ती रस्त्यानं पळत पळतच बोलत होती.

“आई, निघाली मी. पूजा बाहेरून बोंबलत होती, उशीर झाला. वाट्या आतच हाये.”

“खाल्लं का काही?”

“नाही ना. आजीला सांगितलं ओरडून, राहू दे, आल्यावर खाईन.”

आणि फोन बंद.

आता काय सांगू. मी परत फोन लावला, उचलेना. तिचा फोन पिशवीत आणि पिशवी कुठं ठेवतात ते मला माहीत होतं. मायचा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांसमोर ते घर आलं. छपरीत ओव्हन चालू, आत वाट्या फुगताहेत, आणि आत स्मरणाला बसलेल्या मायच्या कानावर ते वाक्य पडलंय, तशाच थंडीत, तशाच घाईत, आपल्या नातीच्या तोंडून. मायला काही झालं तर? पोरीला काही झालं तर? आणि मी तेव्हाही गाडीत होते, आताही गाडीतच. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं हो मॅडम?” मी म्हटलं, “काही नाही, पोरगी उपाशी गेली.” तिला वाटलं असेल, एवढ्यासाठी ही बाई रडून राहिली!

मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि मी उतरले. परीक्षा गेली खड्ड्यात. परतीची गाडी कधी आहे ते पाहायला मी फलाटावर पळतेय आणि माझी गाडी सुटून चाललीय, तेवढ्यात फोन वाजला. मयूरी. तिला धाप लागली होती.

“आई,” ती म्हणाली, “आजी ग्राउंडवर आली.”

मी जवळच्या बाकावर बसले.

ती सांगत होती ते असं. चाचणी सुरू व्हायची होती. पोरी रेघेवर उभ्या, सरांनी शिट्टी तोंडात धरलेली. तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी आली, नऊवारी नेसलेली, अनवाणी, कडेवर टोपली. ती थेट मैदानाच्या मधोमध चालत आली. सर म्हणाले, “आजी, बाजूला व्हा, रनिंग आहे.” आणि माझ्या मायनं, जिनं उभ्या आयुष्यात परक्या पुरुषाशी आवाज चढवला नाही, त्यांना सांगितलं, “थांबव तुही शिट्टी. पोट्टी उपाशी हाये.” पोरं हसली. मग कोणी हसलं नाही, मयूरी म्हणाली, कारण आजी थरथरत होती. सरांनी शिट्टी खाली घेतली. माय मयूरीसमोर उभी राहिली, टोपलीवरची दस्ती, तिचा हातरुमाल, बाजूला केली आणि वाटी काढून तिच्या हातावर ठेवली. “आधी खाय. मंग धाव.”

“मग?”

“मग काय, खाल्लं मी. सगळ्यांसमोर, उभ्यानं. गरम होतं अजून. आई, आजीनं हात लावला. तिनं स्वतः ओव्हन उघडला.” फोनवर पोरगी हुंदके द्यायला लागली. “सरांनी थोडं थांबून चाचणी घेतली. माझा नंबर आला आई, पहिल्या तिघींत. आजी लिंबाखाली बसून होती. तिनं अजून एक वाटी आणली होती, पदराखाली झाकून धरली होती. मी म्हटलं, ही पण माझीच का? तर म्हणाली, तुही झाली, हे राहू दे.”

मुख्याध्यापिका बाईंना फोन करून मी सांगितलं, आज येत नाही. त्या चिडल्या. चिडू देत. परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही, दारापाशी उभी राहून आले.

घरी पोहोचले तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. माय आंघोळ करून, ओले केस मोकळे सोडून पायरीवर बसली होती. थंड पाण्यानंच केली असणार. उजव्या हाताची दोन बोटं लाल होऊन फुगली होती. मी आतून तूप आणलं आणि तिच्या बोटांना लावायला बसले. तिनंच विषय काढला.

“ते दार खाली उघडते, हे मले माईत नव्हतं,” ती म्हणाली. “मी बाजूनं ओढून राह्यली.”

“चिमटा तिथंच होता माय.”

“तुमचा चिमटा कोण शिवन?”

मला हसू फुटलं. तीही जरा हसली. मग मी भीत भीत विचारलं, “माय, तुझ्या उपदेशाचं आता?”

“पंथातले इचारतीन त सांगीन मी. खाल्लं नाई, पोट्टीले नेऊन देलं.” तिनं अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं आता तुळशीची कुंडी आहे आणि मयूरीचे वाळत घातलेले बूट. “आवाज आला मले तिचा, आल्यावर खाईन. मी उठली. त्या दिवशी बी उठता आलं असतं.”

मी म्हटलं, “डॉक्टरनं सांगितलं होतं ना माय, त्याचा काही…”

“माईत हाये मले डॉक्टरचं,” ती म्हणाली. या वेळी मान हलवली नाही.

बोटांवरचं तूप पातळ होऊन तळहातावर आलं. मी ते पदरानं टिपलं. घरात ओव्हनचा, अंड्याचा, पालकाचा वास अजून रेंगाळत होता, आणि तिनं पदर नाकाला लावला नव्हता.

“दुसरी वाटी कोणासाठी नेली होती?” मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

“त्या लिंबाखाली ठेवली. बसली तिच्यापाशी. मंग एक कुत्रं आलं, त्याले देली,” माय म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. “तुह्या दादाचं माह्या हातानं काढाचं राह्यलं होतं वं.”